निजलेली झाडं

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की बोईसरला लागून असलेल्या सरावलीतल्या माझ्या दुकानात थंडी शटरच्या खालून शिरते. आधी पायांना कळते, मग कीबोर्डवरच्या बोटांना. कारखान्यांचा वासही या दिवसांत वर जात नाही, खालीच रेंगाळतो, आणि सकाळी चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना विचारतात की आज कुठला आहे. कधी सडक्या अंड्याचा, कधी नेलपॉलिशचा, कधी नुसता घशात टोचणारा. आम्हाला सगळे ओळखू येतात. पण माझ्या नाकात याच दिवसांत आणखी एक वास येऊन बसतो, आंबूस आणि गोड, आणि तो इथला नाही. तो एडवणचा आहे, माझ्या माहेरचा, मडक्यात उतरलेल्या ताज्या ताडीचा.

पूर्वी हा वास आठवला की मला बरं वाटायचं. गेली चार वर्षं तसं वाटत नाही. शटर वर करताना मी मनात म्हणते, आज काका ताडावर चढले असतील. मग घड्याळ बघते. साडेसात झाले की म्हणते, आता निम्मी झाडं झाली असतील. काकीचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून मी पहिल्या गिऱ्हाइकाचा फॉर्म उघडते.

मी फॉर्म भरते. झेरॉक्स, फोटो, दाखले, पोरांचे प्रवेश, कंपनीतल्या कंत्राटी माणसांचे पीएफचे अर्ज. नवरा शिफ्टला जातो आणि मी दुकान सांभाळते, याला आता अठरा वर्षं झाली. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. रांग लावून आलेला माणूस आईचं नाव आठवायला पाच मिनिटं घेतो तेव्हा कोणाचीही जीभ तिखट होईल. पण एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली होती. माणूस सांगेल ते लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही.

हिराकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील नोकरीला लागले आणि वाडी काकांकडे राहिली. वाडीच्या कडेला, खाजणाच्या बांधावर, ताडाची झाडं ओळीने उभी. ताडी काढायचा परवाना आजोबांच्या वेळचा, दरवर्षी नवा करून घ्यायचा, एका माणसाचा आणि त्याच्या झाडांचा. मी लहान असताना तो कागद देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असायचा, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी. काका दिवसातून दोनदा चढायचे. झाडाला उभा बांबू बांधलेला, त्याच्या खुंट्यांवर पाय ठेवत वर, कमरेला कोयता आणि रिकामं मडकं. वर फुलोऱ्याचा तुरा बांधून ठेवलेला असतो, त्याचं टोक रोज थोडं कापायचं, चकती इतकी पातळ की तिच्यातून उजेड दिसावा. जाड कापलं तर तुरा लवकर संपतो. एक दिवस कापलंच नाही तर जखम सुकते आणि रस बंद होतो. त्यामुळे हंगामात काका कुठे जात नसत. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि काका निघाले, संध्याकाळची चढाई होती. मी रुसले होते, पुढे दोन सण त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

सगळी झाडं ते एकदम काढत नसत. एक हंगाम काढलेलं झाड दुसऱ्या हंगामात निजवायचं, ही आमच्या घरची रीत. निजवायचं म्हणजे त्याचा बांबू सोडून घ्यायचा, वर जायचं नाही, कोयता दाखवायचा नाही. आणि त्याला मोजायचंही नाही. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो झडतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मी सहा-सात वर्षांची असेन, बोट दाखवून सगळी झाडं मोजत होते. काकांनी येऊन माझं बोट मुठीत धरलं आणि मिटवलं.

"निजलेल्याला मोजू नये, बाय," ते म्हणाले. "मोजला का तो जागा होतो. आन निजेतनं उटवलेला झाड ताडी नाय देत, जीव देतो."

त्या वयात मला ते खरं वाटलं होतं. पुढे शाळेत गेल्यावर हसू आलं. पण पाहुण्यांनी कोणी विचारलं, झाडं किती, तर काका फक्त जागी असलेली सांगायचे, आणि आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. घरातल्या घरात कोणी हिशेब चुकत नव्हता.

मी सांगतेय तो हंगाम नियम बदलला त्या वर्षीचा. आधी माणसागणिक छोटे परवाने असायचे, ते बंद झाले. ज्याच्या ताब्यात किमान पंचवीस झाडं आहेत त्यालाच परवाना, अर्ज ऑनलाइन, मुदत ठरलेली, आणि एकदा पाठवलेला अर्ज दुरुस्त करता येणार नाही. ताडीत भेसळ होते, ती थांबावी म्हणून हे, असं त्यात लिहिलेलं होतं. मी ते दुकानात बसून दोनदा वाचलं. वाचताना मला काकांची झाडं एकामागून एक दिसली. जागी सोळा होती त्या वर्षी. निजलेली चौदा. मी तीस धरली आणि निश्चिंत झाले.

त्यानंतर दोन दिवसांनी काकी आली. एडवणहून एसटीने, पिशवीत वाडीतली केळी आणि वालाच्या शेंगा. काकी कधी एकटी बोईसरला येत नाही. रांग होती, ती बाकावर बसून राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढून. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तिने सांगितलं.

"परवा ते अर्द्यावर थांबले, नंदा. वर नाय, खाली नाय. झाडाला मिठी मारून. मी खालनं बगते. हाक मारू का नको, तेच सुचत नव्हता."

"मग?"

"मग उतारले. बोलले, पायात गोळा आला व्हता. आन संद्याकाळी परत चढले." ती शेंगांच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि परत मारत होती. "ते खाली आले का मी जेवते. माजा असा झालाय. माज्या सांगन्यानी ते नाय थांबाचे. सरकारानी थांबवला तर थांबतील. तू कागदाची मानूस हायस. काय तरी कर."

मी तिला चहा पाजला. काही कबूल केलं नाही. पण ती गेल्यावर मला काकांचा तो अर्ध्यावरचा देह दिसत राहिला, खाली खाजणातली भेगाळलेली जमीन आणि वर अजून तेवढंच झाड. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझ्या मनाने तेव्हाच ठरवलं असावं, मला फक्त ते कळायचं बाकी होतं.

काका मुदतीच्या आदल्या दिवशी आले. स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुना परवाना, सातबारा, आधार. दुकानात पाच-सहा माणसं होती. त्यांनी आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली, मी पुतणी असूनही. समोर बसल्यावर हात मांडीखाली घेतले, कारण त्यांना आपल्या तळव्यांची लाज वाटायची, ते बांबूने चामड्यासारखे झाले होते. मी एकेक रकाना भरत गेले. नाव, गाव, सर्व्हे नंबर. मग आला, ताब्यातील एकूण झाडे.

"काका, झाडं किती?"

"सोळा," ते म्हणाले.

माझी बोटं कीबोर्डवर होती. एकूण, असं लिहिलंय काका, निजलेली धरून सांगा, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर मी म्हणाले असते, वर चार शब्द सुनावलेही असते. मी काकांकडे पाहिलं नाही. एक आणि सहा दाबलं. पुढचा रकाना भरला. अर्ज पाठवला, पावती छापली, घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवली. मी स्वतःला सांगितलं की माणसाने सांगितलं तेच मी लिहिलंय. माझ्या कामात मी पहिल्यांदाच खोटेपणा केला होता आणि तो एकही खोटा आकडा न लिहिता केला होता.

अर्ज नामंजूर झाल्याचं महिन्याभरात मोबाइलवर आलं. काकांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. झाडांची संख्या अपुरी, असं कारण होतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता कोयता लावाचा नाय?" मी म्हटलं, नाही लावायचा, लावला तर गुन्हा. ते उठले, टोपी सारखी केली, आणि माझ्या मुलाची परीक्षा कधी आहे ते विचारून गेले. काकीने रात्री फोन केला. नुसती रडली, आणि ते रडणं सुटल्याचं होतं. मीही त्या रात्री शांत झोपले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्या झोपेची वाटते.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आम्ही हसत म्हणतो. इथे हसण्यासारखं काही झालं नाही. त्याच हंगामात एक ठेकेदार आला. कुठला ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्याच्याकडे परवाना होता, आणि एडवणपासून घिवलीपर्यंत ज्यांचे परवाने गेले त्या सगळ्यांची झाडं तो भाड्याने घेत होता. अर्ध्या लोकांनी दिली, कारण नुसत्या उभ्या ताडाचं करायचं काय. काकांनीही दिली. करारासाठी झाडं मोजायला ठेकेदाराचा माणूस आला, त्याने चुन्याची बादली घेतली आणि बांधावरच्या एकेका बुंध्यावर आकडा घातला. तीसपर्यंत. काका घरात बसून राहिले, काकी सांगते, दाराकडे पाठ करून.

ठेकेदाराची माणसं पहिल्या वर्षी तीसच्या तीस झाडांवर चढली. निजलेलं, जागं, त्यांना फरक नव्हता. चकती पातळ कापायची तर वेळ जातो, ते बोटभर जाड कापायचे, रस लवकर यावा म्हणून. काका ओटीवरून बघायचे. पंधरा दिवस बघितलं. सोळाव्या दिवशी कोयता घेऊन ठेकेदाराकडे गेले आणि म्हणाले की या बांधावर मी चढतो, मला रोजावर ठेवा. काकीने मला हे सांगितलं तेव्हा मी दुकानात होते आणि माझ्यासमोर एक बाई जन्मदाखल्यासाठी बसली होती. मी तिला म्हटलं, जरा थांबा. नंतर पुष्कळ वेळ ती थांबली.

ज्या माणसाला मी सोळा झाडांवरून खाली उतरवायला निघाले होते, तो त्या दिवसापासून तीस झाडांवर चढतोय. दोनदा. निजवणं ठेकेदाराला मान्य नाही. काकांनी एकदा विषय काढला, तो म्हणाला, झाड माझ्याकडे भाड्याने आहे, झोपायला नाही. त्यात त्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही, करार तसाच आहे. तो मीच वाचून दाखवला होता.

आता झाडं आटत चाललीत. पहिल्या वर्षी मडकं भरायचं, आता तळाला वीतभर असतं. पण बोईसरच्या ताडीच्या दुकानात माल कधी संपत नाही, हे मला इथे बसून दिसतं. माझ्या दुकानावरूनच लोक जातात. सुरेंदर म्हणून एक कामगार होता, डायच्या, म्हणजे रंगाच्या, कारखान्यातला, नखं कायमची निळी. गावी पैसे पाठवायचे फॉर्म माझ्याकडे भरायचा. एकदा मला म्हणाला, "दीदी, पहले वाली पीते थे तो पेट ठंडा होता था. अब वाली सीधे आँख पकड़ती है." मी विचारलं, मग पितोस कशाला. तो हसला. "अब छूटती नहीं ना." ताडीत पावडर टाकतात असं सगळे म्हणतात. कुठली, कोण आणतं, ते कोणी म्हणत नाही. पुढे सुरेंदरची सही जुळेना, दोन कागदांवर दोन माणसांची वाटावी अशी, बँक अर्ज परत पाठवायची. आषाढात तो भिंतीला हात लावून चालताना दिसला. त्यानंतर दिसला नाही. त्याच्या खोलीत आता दुसरा माणूस राहतो.

पहिलं झाड गेल्या चैत्रात मेलं. ताड मरतो तो एकदम पडत नाही. आधी मधली कोवळी पात पिवळी पडते, मग सगळा शेंडा मान टाकल्यासारखा एका बाजूला कलतो, आणि एके दिवशी गळून खाली येतो. खांब तेवढा उभा राहतो. मी त्या दिवशी एडवणला होते. सकाळीच कडक ऊन, वाऱ्याचं नाव नाही, समुद्र ओहोटीला लागून लांब गेलेला. मागच्या दारी काकी भांडी घासत होती. मोठा आवाज झाला आणि जमीन हलल्यासारखी वाटली. काकी राखेच्या हातांनी तशीच धावली. मी तिच्या मागे. बांधावर धूळ होती आणि तिच्यात तो शेंडा पडलेला, मडक्याच्या खापऱ्या सगळीकडे. काका शेजारच्या झाडावर होते. आम्हाला बघून ते वरून म्हणाले, "कायपन नाय. मी हितं हाय." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. काकी तिथेच मातीत बसली आणि ते पूर्ण उतरेपर्यंत उठली नाही. त्या मेलेल्या झाडावरून ते पाऊण तासापूर्वी उतरले होते.

त्यानंतर आणखी दोन गेली. बांधावर तीन खांब उभे आहेत, बोडके. त्यावर घारी बसतात. उरलेल्यांतली कुठली आतून पोखरलीत ते खालून कळत नाही, वर गेल्यावर कळतं असं काका म्हणतात, बांबू बांधताना बुंधा वेगळा वाजतो. मी विचारलं, वेगळा वाजला तर काय करता. ते म्हणाले, "हळू चढतो." काकी आता सकाळचं पाणी भरत नाही, स्वयंपाकाला लागत नाही. शेवटच्या झाडावरून ते उतरेपर्यंत बांधापाशी उभी असते, आणि हल्ली तिला खालून वर बघताना चक्कर येते. माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत ठपका नसतो. मी सरकारकडून जे करवून घेईन असं तिला वाटलं होतं ते मी केलं, एवढंच तिला ठाऊक आहे. आपल्याच दातांनी आपलीच जीभ चावली तर तक्रार कुणाकडे करायची.

या वर्षी हंगामाच्या तोंडावर नियम पुन्हा बदलला. आता चढणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद हवी. वय साठच्या आत हवं. ठेकेदाराने त्याला जोडून स्वतःचा एक कागद काढलाय, तो सगळ्यांनी सही करून द्यायचा, तरच रोजंदारी चालू. काका काल तो घेऊन दुकानात आले. तोच स्वच्छ सदरा, तीच टोपी. चार वर्षांत ते, झाडावर असताना खालून दिसतात तेवढे लहान झाल्यासारखे वाटले मला. रांगेत उभे राहिले.

आधारवर त्यांची जन्मतारीख एक जानेवारी आहे. कॅम्पमधल्या पोराने अंदाजाने टाकलेली, खऱ्यापेक्षा आठ वर्षांनी उशिराची. आधारप्रमाणे ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. या खेपेला मी गप्प बसले नाही.

"काका, हे वय खरं नाही. खरं लिहिलं तर ते तुम्हाला घेणार नाहीत."

"मग कागदावर हाय तेच लिही."

"नका चढू काका. झाडं मेलीत. ती कधीही—"

"मी नाय चढलो तर त्याची मानसं चढतील," ते म्हणाले. "ती बोटभर कापतात. माज्या हातनं दोन वर्सं जास्त जगतील."

रांगेत काकांच्या मागे कोणी उरलं नव्हतं. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि त्यांना सांगितलं. त्या वर्षी मला तीस माहीत होती. रकान्यात एकूण असं लिहिलं होतं. तुम्ही सोळा म्हणालात आणि मी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. तीस लिहिली असती तर परवाना तुमचाच राहिला असता. मी का विचारलं नाही ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही, कारण त्यात काकी होती.

काकांनी मांडीखालचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तळवा खरखरीत होता.

"तू निजलेली मोजली नायस," ते म्हणाले. "चांगला केलास, बाय. शिकून पन रीत पाळलीस."

त्यांनी ठेकेदाराचा कागद पुढे सरकवला. मी स्वतःच्या मर्जीने ताडाच्या झाडावर चढत असून, पडून मला इजा अथवा मृत्यू आल्यास त्यास कोणीही जबाबदार राहणार नाही, असं त्यात छापलेलं आहे. त्यांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. मग बोटाने शेजारची रिकामी जागा दाखवली. ती साक्षीदाराची होती. घरचं माणूस असलं तर बरं, असं ठेकेदार म्हणाला होता.

तिथे माझी सही आहे. परवापासून चढाई सुरू होतेय.